साबण लावला आणि हळदीचा डाग लाल झाला

मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं होतं. शर्ट ओला केला, डागावर कपड्यांच्या साबणाची वडी फिरवली, आणि पिवळा डाग बघता बघता लालसर तपकिरी झाला. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पोटात धस्स झालं. मला वाटलं, कापडच जळलं. मग मी आणखी जोर लावून घासलं, वरून कढत पाणी ओतलं, आणि शेवटी ब्लीचची बाटलीही काढली. डाग पुसट झाला, पण त्या जागचं कापड विरलं. नंतर कळलं, की तो शर्ट नुसता धुऊन दोन दिवस उन्हात टाकला असता तरी चाललं असतं.

त्या शर्टावर जे झालं तेच कुंकू बनवताना होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीचा पिवळा रंग करक्युमिन नावाच्या द्रव्याचा असतो. आंबट पदार्थात ते पिवळंच राहतं, पण चुना, सोडा, साबण असं काही खारं, म्हणजे शाळेच्या भाषेत आम्लारीधर्मी, लागलं की लाल होतं. विज्ञानाच्या तासाला हळदीचा कागद दर्शक म्हणून वापरतात तो याच गुणामुळे. म्हणजे साबणाने डाग वाढला नव्हता, फक्त रंग बदलला होता. त्यावर लिंबाचे चार थेंब पडले असते तर तो पुन्हा पिवळा झाला असता.

तेव्हापासून कपड्यावर काही सांडलं की हात आधी साबणाकडे जात नाही. आधी दोन गोष्टी बघते: डाग कशाचा आहे, आणि कापड कशाचं आहे. डाग काढणं हे ताकदीचं काम आहे असं आपल्याकडे उगीचच समजतात. खरं म्हणजे प्रत्येक डाग कापडाला वेगळ्या कारणाने धरून बसलेला असतो, आणि ते कारण समजलं तर बहुतेक वेळा घासावंही लागत नाही.

हळदीचंच आधी पूर्ण करू, कारण आपल्या घरातला हाच सगळ्यात नेहमीचा डाग. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात छान विरघळतं. म्हणूनच फोडणीत हळद घातली की सगळं तेल पिवळं होतं. आमटीचा, रश्शाचा, लोणच्याचा डाग पडतो तेव्हा तेलात मिसळलेली हळद धाग्यात शिरते. नुसत्या पाण्याखाली धरून ती हलत नाही. आधी तेल सुटलं पाहिजे, कारण तेलाच्या आड रंग लपलेला असतो. त्यासाठी सगळ्यात चांगला म्हणजे भांडी घासायचा पातळ साबण. सांडलेलं चमच्याने किंवा बोथट सुरीने वरच्यावर उचलायचं, कापडाच्या उलट्या बाजूने गार पाण्याची धार सोडायची, मग भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब बोटाने हळूच जिरवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. डाग लाल होईल, होऊ द्यावा. मग नेहमीसारखं धुवायचं आणि भरपूर पाण्यात खळबळून साबण पूर्ण काढायचा.

यानंतरही फिकट पिवळी छटा उरते, आणि तिथे ऊन कामाला येतं. करक्युमिन उजेडात टिकत नाही. ओला, धुतलेला कपडा डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाकला की उन्हाने ते द्रव्य मोडतं. जुन्या बायका हळदीचे कपडे धुऊन अंगणात पसरायच्या त्यामागे हाच अनुभव होता. लग्नातल्या हळदीच्या समारंभाचा सुती झब्बासुद्धा असा दोन-तीन उन्हांत पांढरा होतो. रंगीत कपड्याच्या बाबतीत जरा जपावं, कारण ऊन हळदीबरोबर कापडाचाही रंग खातं. तो अधूनमधून बघून उचलावा.

साबण नक्की करतो काय, हे इथेच सांगून टाकते. साबणाच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात, एक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं तेलाकडे. तेलाकडची टोकं स्निग्ध डागात रुतून बसतात, पाण्याकडची बाहेर राहतात, आणि कपडा हलवला की तेलाचा बारीक थेंब या टोकांच्या वेढ्यात अडकून पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून साबण तेलावर चांगला चालतो. रंगावर, गंजावर, रक्तावर त्याचा प्रभाव अर्धवट पडतो. आपण मात्र सगळ्यावर एकच वडी घासतो.

नुसत्या तेला-तुपाच्या डागासाठी आणखी एक सोपी गोष्ट. डाग ताजा असताना त्यावर टाल्कम पावडर किंवा तांदळाची पिठी भुरभुरवून अर्धा तास ठेवली की बरंचसं तेल ती शोषून घेते. मग झटकून भांड्याचा साबण. पॉलिएस्टरच्या कपड्यांवर मात्र वेळ दवडू नये. सुती धाग्याला पाणी जवळचं, पॉलिएस्टरला तेल जवळचं. त्यामुळे टेरिकॉटचा शर्ट किंवा खेळायचे टी-शर्ट तेल लवकर सोडत नाहीत, आणि घामाचा वासही त्यातच अडकून राहतो.

आता रक्त. इथे एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते, ती म्हणजे गरम पाणी. रक्त, दूध, अंडं, उलटी, बाळाची शी या सगळ्यांत प्रथिनं असतात. अंडं तव्यावर टाकल्यावर पांढरं घट्ट होतं, तसंच रक्तातलं प्रथिनही गरम पाण्यात थिजतं आणि धाग्याला धरून बसतं. म्हणून रक्ताला नेहमी गार पाणी. लगेच गार पाण्यात बुडवलं तर बहुतेक रक्त काही न लावताच सुटतं. मासिक पाळीचे कपडे, गुडघा फुटलेल्या मुलाची पँट, दवाखान्यातून आलेली चादर, सगळ्याला हाच नियम. पाळीच्या डागांबद्दल मोकळेपणाने बोलत नाहीत म्हणून कित्येक मुलींना एवढी साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते, याचं मला वाईट वाटतं. रात्री गार पाण्यात थोडं मीठ किंवा डिटर्जंट घालून भिजत टाकावं, सकाळी चोळावं.

वाळलेल्या रक्तासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ते ३ टक्क्यांचं होतं, आणि घरच्या कामाला ते पुरे आहे. डागावर थेंब टाकले की फेस येतो. रक्तातलं एक एन्झाइम पेरॉक्साइड मोडून त्यातून ऑक्सिजन सोडतं, त्याचा हा फेस. पेरॉक्साइड रंगही उडवतं, म्हणून पांढऱ्या कपड्यावर निर्धास्त, रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत एक थेंब टाकून पाच मिनिटं बघावं. रेशमी आणि लोकरी कपड्यावर ते वापरू नये.

एन्झाइमचा विषय निघालाच आहे तर, बाजारातल्या बऱ्याच डिटर्जंट पावडरींत आता तीच असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. आपल्या पोटात जेवण पचवायला जी असतात त्यांचीच ही भावंडं: एक प्रथिनं तोडतं, एक पिठूळ पदार्थ, एक चरबी. ही कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९१३ साली जर्मनीत ओटो र्‍योम यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम कपडे धुण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं. आता ती जिवाणूंकडून तयार करून घेतात. त्यांना दोन गोष्टी लागतात, कोमट पाणी आणि वेळ. उकळत्या पाण्यात ती मरतात, आणि पाच मिनिटांत त्यांचं काम होत नाही. अर्धा-एक तास भिजत घातलं तर वरणभाताचा, दुधाचा, अंड्याचा डाग ती अक्षरशः पचवून टाकतात. पण रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच! म्हणून अशा पावडरीत रेशमी कपडा भिजत ठेवला तर डागाबरोबर धाग्यावरही घाला पडतो. धुता येण्यासारख्या साध्या रेशमी कपड्याला रिठ्याचं पाणी किंवा खास लोकर-रेशमासाठीचा सौम्य द्रव साबण, तोही गार पाण्यात. जरीकाठी पैठणीवर घरी प्रयोग करू नयेत. ओलं काही सांडलं तर पांढऱ्या सुती फडक्याने टिपून घ्यावं आणि जाणत्याकडे द्यावी.

टिपणं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कुठलाही ताजा डाग आधी टिपायचा, घासायचा नाही. फडकं दाबून उचललं की ओल फडक्यात येते. घासलं की तीच ओल धाग्यात खोल जाते आणि डागाचा घेर वाढतो. डागाच्या कडेकडून आत येत टिपावं.

चहा, जांभूळ, पान

चहाचा डाग फसवा असतो, कारण आपला चहा म्हणजे एकाच कपात तीन डाग: दुधातली प्रथिनं, दुधातली चरबी आणि चहापत्तीतलं टॅनिन. टॅनिन म्हणजे वनस्पतीतला तुरट अंश. कच्च्या सुपारीने, हिरव्या केळ्याने जीभ आवळते ती त्याच्यामुळे. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की तो फिका होतो आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला की काळपट होतो. हा प्रयोग ओट्यावर करून पाहण्यासारखा आहे, कारण कपड्यावरही नेमकं हेच होतं. चहाच्या डागावर खारट वडी घासली की तो गडद होऊन मुरतो. म्हणून आधी गार पाण्याने दूध काढायचं, मग पातळ डिटर्जंट, आणि उरलेल्या तपकिरी छटेवर पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू. थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवायचं. सुती कापडावर आंबट पदार्थ तसाच वाळू देऊ नये. आम्लाने सुती धागा कमजोर होतो.

जांभळाचा, कोकमाचा, डाळिंबाचा रंगही असाच आंबट-खाऱ्यावर नाचतो. जांभळाच्या डागाला साबण लागला की तो निळसर करडा होतो, लिंबू लागलं की पुन्हा गुलाबी. आंबट बाजूला असताना तो पाण्यात जास्त सहज सुटतो, म्हणून आधी लिंबूपाणी, मग धुणं. आमरस मात्र या घराण्यातला नाही. आंब्याचा केशरी रंग गाजराच्या रंगाचा भाऊ, तेलाकडे झुकणारा. त्याला हळदीचाच उपाय: साबण आणि ऊन.

पानाचा लाल डाग कात आणि चुना यांच्या मिलाफातून होतो. कात टॅनिनने भरलेला, आणि चुना त्याला पक्का लाल करणारा. इथे चुन्याला आधी मारावं लागतं, म्हणून लिंबू, व्हिनेगर, अगदी आंबट ताकसुद्धा चालतं. त्यानंतर ऑक्सिजन ब्लीच.

ब्लीच दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाकिटावर ‘सोडियम परकार्बोनेट’ लिहिलेली पावडर म्हणजे ऑक्सिजन ब्लीच. ती कोमट-गरम पाण्यात विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते रंगाचे कण तोडतं. बहुतेक पक्क्या रंगाच्या सुती आणि पॉलिएस्टर कपड्यांना ती चालते. गार पाण्यात तिचं काम फार मंद होतं, म्हणून आंघोळीच्या पाण्याहून थोडं गरम पाणी घ्यावं आणि तासभर भिजू द्यावं. अर्थात रक्ताचा, दुधाचा भाग आधी गार पाण्याने निघालेला असला पाहिजे.

दुसरं क्लोरीन ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तो तरणतलावासारखा वास येणारा द्रव. तो फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी, भरपूर पाण्यात मिसळून, थोडाच वेळ. रेशीम आणि लोकर तो अक्षरशः विरघळवतो. स्पँडेक्स असलेल्या कपड्यांची लवचीकता जाते. आणि त्याच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचा द्रव कधीही मिसळू नका. त्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्ल पडलं की ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो छातीत भरतो. अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवात मिसळलं तरी विषारी वायू होतो. आपली न्हाणीघरं लहान, खिडकी हातभर. चुकून असं झालंच तर बादली उचलत बसू नये. आधी बाहेर यावं, दार-खिडक्या उघडाव्यात, आणि खोकला, छातीत जळजळ थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. डागावर आधी लिंबू लावलं असेल आणि मग ब्लीच वापरायचं असेल, तरी मध्ये कपडा भरपूर पाण्यात धुवावा.

फोनवर फिरणाऱ्या उपायांत आणखी एक सतत दिसतो, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र. फसफसून फेस येतो म्हणून वाटतं की काहीतरी जबरदस्त घडतंय. प्रत्यक्षात एक आंबट, एक खारं, दोघं एकमेकांना निकामी करतात आणि फेस म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. रॉकेल किंवा पेट्रोलने ग्रीस काढायचा सल्लाही देतात, तो अजिबात ऐकू नये. कपड्यात राहिलेली वाफ पेटू शकते, आणि असा कपडा वॉशिंग मशीनमध्ये टाकणं तर फारच धोक्याचं.

शाई, गंज, पावसाळा

बॉलपेनची शाई तेलकट असते, ती स्पिरिटमध्ये विरघळते. डागाखाली जाड फडकं किंवा कापूस ठेवायचा आणि वरून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपत राहायचं. शाई खालच्या फडक्यात उतरते, ते फडकं सारखं बदलायचं. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम गॅसपासून लांब. फाउंटन पेनची शाई पाण्याची, तिला गार पाणी. नेलपॉलिश काढायचा द्रव सरसकट लावू नये, त्यातलं अ‍ॅसिटोन अ‍ॅसिटेटचं कापड विरघळवतं.

मतदानाच्या शाईचा डाग मात्र कपड्यावर पडला तर सोडून द्यावा. म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, आणि ते उजेडात काळं होतं. म्हणजे ज्या उन्हाने हळद जाते त्याच उन्हाने हा डाग पक्का होतो.

गंजाचा डाग ओळखायला सोपा: लोखंडी तारेवर वाळत घातलेल्या कपड्यावर नारिंगी रेघ. हा लोखंडाचा डाग, त्यावर साबण चालत नाही. क्लोरीन ब्लीचने तर तो आणखी पक्का होतो. ज्यांच्या बोअरच्या पाण्यात लोह जास्त आहे, त्यांचे पांढरे कपडे ब्लीच केल्यावर उलट पिवळे पडतात ते यामुळेच. गंजाला आम्ल लागतं. लिंबाचा रस आणि मीठ डागावर लावून तासभर उन्हात, मग स्वच्छ धुणं. एकदा गेला नाही तर पुन्हा.

काखेतला पिवळा डागही वाटतो तसा नुसता घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या बऱ्याच डिओंत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाशी आणि अंगाच्या तेलाशी मिळून पिवळा थर धरतात. तिथेही क्लोरीन ब्लीच नको. व्हिनेगरचं पाणी, मग ऑक्सिजन ब्लीच.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कपाटातल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. ती बुरशी. खळ दिलेल्या सुती साड्यांवर ती लवकर येते, कारण खळीतलं पीठ तिचं अन्न. म्हणून जूनच्या आत खळ काढून साड्या नुसत्या धुऊन, खडखडीत वाळवून ठेवाव्यात. ठिपके दिसले तर कपडा घराबाहेर नेऊन झटकावा, मग गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून भिजवावा. ताजे ठिपके जातात. जुने बऱ्याचदा राहतात, कारण तोवर बुरशीचा रंग धाग्यात उतरलेला असतो.

नीळ यातलं काहीच काढत नाही, हेही सांगायला हवं. निळी छटा पिवळेपणाला झाकते आणि डोळ्याला कापड पांढरं दिसतं. तेवढ्यापुरती ती चांगलीच. पण डाग निघाल्याशिवाय नीळ घालण्यात अर्थ नाही.

आणि इस्त्री. धुऊन आलेल्या कपड्यावर डागाची सावली जरी दिसत असली तरी त्यावर इस्त्री फिरवू नये, ड्रायरमध्येही टाकू नये. उष्णतेने तेल, प्रथिनं आणि टॅनिन धाग्याला चिकटतात, आणि मग वर सांगितलेलं काहीच नीट चालत नाही. आमच्याकडे कपडे इस्त्रीला द्यायच्या आधी उजेडाकडे धरून बघायची सवय लागली आहे. ओल्या कपड्यावर डाग दिसत नाही, वाळल्यावर दिसतो, म्हणून हे वाळल्यावरच बघावं.

काही डाग निघत नाहीत. केळीचा चीक हा त्यातला पहिला. खोडातून, घडाच्या दांड्यातून येणारा हा चीक पाण्यासारखा दिसतो, आणि हवा लागली की तपकिरी-काळा होतो. ताजा असताना लगेच धुतला तर थोडाफार जातो, वाळल्यावर जवळजवळ नाहीच. दुसरा बिब्ब्याचा. बिब्ब्याच्या तेलात चुना मिसळला की काळा, न निघणारा रंग तयार होतो, आणि परीट लोक पूर्वी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करायला तोच वापरत. कितीही वेळा भट्टीला घातला तरी खूण राहायची. इंग्रजीत बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ म्हणतात ते यावरूनच. चिकाचं तसंच आहे. केळीच्या बागेत काम करणारी माणसं त्या कामासाठी एक जुना सदरा वेगळा ठेवतात, आणि तो सदरा तपकिरीच असतो.